परत येणारं ब्रेक ऑइल
(प्रस्तावना)

ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की एबीएस (ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीचं पेडल पायाखाली थरथरायला लागतं. बोनेटखालून घर्र घर्र आवाज येतो, पेडल पायाला उलटं ढकलतं, आणि हे पहिल्यांदाच अनुभवणारा चालक घाबरून पाय उचलतो. ज्या क्षणासाठी ही यंत्रणा गाडीत बसवलेली असते, नेमकी त्याच क्षणी ती बंद पडते. मग तो गाडी गॅरेजमध्ये आणतो आणि सांगतो, ब्रेक मारला की आत काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. तुटलेलं काहीच नसतं. चाकाकडून काढून घेतलेलं ब्रेक ऑइल पंप पुन्हा मास्टर सिलिंडरकडे पाठवत असतो, आणि त्या पंपाचे ठोके पायाला जाणवत असतात. एवढं एक वाक्य नीट उमगलं तर एबीएसचं निम्मं हायड्रॉलिक्स हाती आलं, असं मी मानतो. या पुस्तकातली बहुतेक प्रकरणं वेगवेगळ्या वाटांनी याच वाक्यापाशी येतात, म्हणून प्रस्तावनेत त्याचाच विस्तार करतो.

सुरुवात साध्या ब्रेकपासून करायला हवी, कारण एबीएस त्याच्यावरच उभा आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम सतराव्या शतकातला. मोटारीत तो रुळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. १९२१च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. आजच्या मध्यम आकाराच्या गाडीचा हिशोब ढोबळ आकड्यांत करून पाहू. पायानं पेडलवर २० किलोचा जोर दिला. पेडलच्या तरफेनं तो चौपट झाला, बूस्टरनं आणखी चौपट केला. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर ३२० किलो पडले. दट्ट्याचा व्यास २२ मिलिमीटर धरला तर ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण ८४ किलोचा दाब तयार होतो. हाच दाब पुढच्या चाकाच्या कॅलिपरमधल्या ५४ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर गेला की ब्रेक पॅड डिस्कवर १९०० किलोंहून अधिक जोरानं दाबला जातो. पाय २० किलोचा, पकड जवळजवळ दोन टनांची. वाटेत आहे फक्त एक नळी आणि तिच्यातलं थोडंसं ऑइल.

एवढी ताकद हाताशी असताना अडचण कुठे येते? अडचण ब्रेकमध्ये नाही, टायरखाली आहे. गाडी थांबवतो तो रस्ता. ब्रेक फक्त चाकाला थोपवतो. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण जेवढं पेलेल तेवढाच जोर कामी येतो. कोरड्या डांबरावर ते भरपूर असतं, पावसात बरंच उतरतं, बर्फावर नावापुरतं उरतं. ब्रेक लागलेलं चाक गाडीच्या वेगापेक्षा थोडं हळू फिरतं, आणि या फरकाला घसर म्हणू. चाक पूर्ण मोकळं फिरत असेल तर घसर शून्य, पूर्ण जाम असेल तर शंभर टक्के. बहुतेक पक्क्या रस्त्यांवर सर्वांत जास्त पकड मिळते ती १० ते ३० टक्के घसरीच्या दरम्यान. त्यापुढे गेलं की पकड घटते, आणि पकड घटल्यामुळे चाक आणखी लवकर थांबतं. म्हणजे कडा एकदा ओलांडली की चाक आपोआप जाम होण्याकडेच धावतं. ही क्रिया सेकंदाच्या इतक्या लहान अंशात उरकते की कितीही सरावाच्या पायाला ती चारही चाकांवर वेगवेगळी सांभाळता येत नाही.

जाम चाकाचं खरं संकट थांबण्याच्या अंतरापेक्षा वळण्यात आहे, आणि एबीएसच्या जाहिरातींनी नेमकी हीच गोष्ट झाकोळून टाकली, याची मला खंत वाटते. टायरकडे पकडीचा साठा एकच असतो. त्यातूनच ब्रेक लागतो, त्यातूनच गाडी वळते. चाक न फिरता घासत गेलं की सगळी पकड घसरण्याच्या दिशेनं खर्ची पडते आणि बाजूला ढकलणारा जोर जवळजवळ संपतो. पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर जात राहते. मागची जाम झाली तर त्याहून वाईट. मागचा भाग पुढे यायला पाहतो आणि गाडी गिरकी घेते. समोर अचानक आलेल्या म्हशीला वळसा घालून जाता यावं, तेही पाय ब्रेकवर पूर्ण दाबलेला असताना, यासाठी एबीएस आहे. अंतर कमी होणं हा बहुतेकदा मिळणारा जोडलाभ.

तेव्हा गरज कशाची आहे? ब्रेकचा दाब वाढवण्याची नाही. तो योग्य चाकावर, योग्य क्षणी, योग्य तेवढाच कमी करण्याची, आणि लगेच पुन्हा द्यायची. पुस्तकभर हा मुद्दा मी सोडलेला नाही. नेहमीच्या एबीएसमधला पंप चालकाच्या पायाहून जास्त दाब चाकाला देत नाही. चालकानं दिलेल्यातून तो काढतो आणि परत करतो.

ही कल्पना जुनी आहे. रॉबर्ट बॉश कंपनीनं चाक जाम होऊ न देणाऱ्या उपकरणाचं पेटंट १९३६ मध्ये मिळवलं होतं. विमानांना ही निकड आधी भासली, कारण उतरताना जाम झालेलं चाक टायर फोडून टाकतं. डनलॉपची मॅक्सारेट यंत्रणा १९५०च्या दशकात विमानांवर चालू लागली, आणि १९६६च्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत तीच यांत्रिक तत्त्वं आणली गेली. १९७१ मध्ये क्रायस्लरनं बेंडिक्सच्या मदतीनं इम्पीरियल गाडीत चारही चाकांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा देऊ केली. जर्मनीत हायडेलबर्गच्या टेल्डिक्स कंपनीत सुरू झालेलं काम पुढे बॉशकडे आलं. सुरुवातीच्या नियंत्रकात सुमारे १००० इलेक्ट्रॉनिक भाग होते. गाडीच्या उष्णतेत आणि हादऱ्यांत इतके सांधे टिकवणं कठीण होतं. डिजिटल मंडलं आली तेव्हा ही संख्या १४० वर आली, आणि १९७८ मध्ये मर्सिडीझच्या एस क्लासमध्ये एबीएस विक्रीला आला. त्यापाठोपाठ बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये. वाचणाऱ्यानं इथे एक गोष्ट हेरावी. या चाळीस वर्षांत ब्रेकची नळी, पिस्टन, ऑइल यांत मूलभूत बदल झाला नव्हता. चाकाची चाल पुरेशा वेगानं ओळखणारं डोकं तेवढं हवं होतं, आणि त्या डोक्याच्या हुकमाबरोबर उघडमीट करणारे व्हॉल्व्ह.

डोक्याला बातमी पोहोचते ती चाकाच्या सेन्सरकडून. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्यासमोर सेन्सर बसवलेला असतो आणि समोरून सरकणाऱ्या प्रत्येक दात्यागणिक तो एक स्पंद पाठवतो. कड्याला ४८ दाते आणि टायरचा घेर १.९ मीटर असेल, तर ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला ४२० च्या आसपास स्पंद येतात. नव्या गाड्यांत दात्यांऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टे असतात. गॅरेजमध्ये बेअरिंग उलट्या बाजूनं बसवलं की एबीएसचा दिवा लागतो तो याचमुळे. सेन्सरांवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थांबत नाही.

ज्याला गॅरेजमध्ये एबीएस युनिट किंवा मॉड्यूलेटर म्हणतात, तो ॲल्युमिनियमचा ठोकळा मात्र इथेच उघडून पाहू. मास्टर सिलिंडरकडून दोन नळ्या आत येतात, चार चाकांकडे चार नळ्या बाहेर जातात. १९७८च्या युनिटमध्ये एका व्हॉल्व्हच्या तीन अवस्था असत: वीज नाही तर मार्ग मोकळा, अर्धी वीज दिली तर मार्ग बंद, पूर्ण वीज दिली तर चाकाचं ऑइल परतीच्या वाटेला. ते युनिट ६ किलोंच्या वर वजनाचं होतं. पुढे प्रत्येक चाकाला दोन साधे व्हॉल्व्ह देण्याची रीत पडली आणि तीच आज सर्वत्र आहे. आतला व्हॉल्व्ह मास्टर सिलिंडर आणि चाक यांच्या मधे असतो, विजेशिवाय उघडा. बाहेरचा व्हॉल्व्ह चाक आणि परतीची वाट यांच्या मधे असतो, विजेशिवाय बंद. चार चाकांचे मिळून आठ व्हॉल्व्ह, आणि युनिटचं वजन दोन किलोंच्या आत.

समजा, पुढचं डावं चाक पाण्यावर आलं. त्याचा वेग गाडीच्या वेगापेक्षा फार लवकर उतरतोय असं नियंत्रकाला दिसतं. तो प्रथम आतला व्हॉल्व्ह मिटतो. आता चालकानं पेडल आणखी दाबलं तरी त्या चाकाला जास्त दाब मिळत नाही. आहे तो मात्र टिकून राहतो. चाक तरीही जाम होऊ पाहत असेल तर बाहेरचा व्हॉल्व्ह उघडतो. कॅलिपरमधलं थोडं ऑइल परतीच्या वाटेला निसटतं, दाब उतरतो, पॅडची पकड सैल होते आणि रस्ता चाकाला पुन्हा फिरवायला लागतो. चाकानं वेग धरला की बाहेरचा व्हॉल्व्ह मिटतो आणि आतला छोट्या छोट्या पायऱ्यांनी उघडून दाब पुन्हा चढवतो. वाढव, धर, सोड. हे चक्र सेकंदाला साधारण चार ते दहा वेळा चालतं, प्रत्येक पुढच्या चाकाचं वेगळं. मागच्या दोन चाकांना मात्र बहुधा एकाच मापानं वागवतात: त्यांतल्या ज्याची पकड कमी, त्याला झेपेल तेवढाच दाब दोघांनाही. थोडं ब्रेकिंग वाया जातं, पण गाडीची शेपटी जागेवर राहते. हा सौदा मला फार शहाणपणाचा वाटतो.

यात ‘धर’ ही पायरी विद्यार्थ्यांना अनावश्यक वाटते. दाब द्यायचा किंवा काढायचा, मधे थांबायचं कशाला, असा प्रश्न येतो. व्हॉल्व्हनं हुकूम पाळला तरी दाब तत्क्षणी बदलत नाही, हे त्याचं उत्तर. ऑइलला बारीक भोकातून वाहायला वेळ लागतो, रबरी होज थोडा फुगतो, कॅलिपरचा सांगाडा थोडा वाकतो, शिवाय चाकाला स्वतःचं जडत्व असतं. थांबून निकाल पाहिला नाही तर नियंत्रक गरजेहून जास्त सोडतो, मग घाईनं जास्त भरतो, आणि चाक जाम आणि मोकळं या दोन टोकांमध्ये हेलपाटत राहतं.

आता निसटलेल्या ऑइलकडे वळू, कारण माझ्या मते सगळ्या युनिटचं मर्म तिथे आहे. बाहेरच्या व्हॉल्व्हमधून आलेलं ऑइल आधी एका लहानशा कोठीत जातं. तिच्यात हलक्या स्प्रिंगवरचा दट्ट्या असतो, आणि तिची क्षमता काही घन सेंटिमीटरच. एक-दोन चक्रांत ती भरून जाईल. भरली की सोडायला जागा उरणार नाही, आणि चाक जाम होईल. हे ऑइल सरळ मास्टर सिलिंडरच्या वरच्या डब्यात का सोडत नाहीत? कारण ब्रेकचं मंडल बंदिस्त आहे. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याच्या एका दाबात जेवढं ऑइल पुढे ढकललं जातं, तेवढंच भांडवल. प्रत्येक चक्रात त्यातलं थोडं डब्यात गेलं, तर पेडल दर चक्राला थोडं थोडं खाली जात शेवटी तळाला टेकेल, आणि ब्रेक संपेल. म्हणून कोठीतलं ऑइल पंपानं उचलून मास्टर सिलिंडर आणि आतला व्हॉल्व्ह यांच्यामधल्या भागात परत घालावं लागतं, तेही चालकाच्या पायाच्या दाबाविरुद्ध. एक छोटी विजेची मोटर, तिच्या अक्षावर केंद्र सोडून बसवलेलं एक चाक, आणि त्यानं आलटून पालटून ढकलले जाणारे समोरासमोरचे दोन पिस्टन. दोन मंडलांना एकेक पिस्टन, म्हणजे एक मंडल फुटलं तरी दुसऱ्याचं ऑइल शाबूत. परत आलेलं ऑइल पेडलला वर ढकलतं. पायाला जाणवणारी थरथर ती हीच.

ऑइल असं परत पाठवणं टाळण्याचा दुसरा मार्गही चोखाळला गेला. १९८५च्या लिंकन मार्क ७ गाडीत टेव्हेसची यंत्रणा होती, तिच्यात वायू भरलेल्या गोळ्यात उच्च दाबाचं ऑइल आधीच साठवून ठेवलेलं असे. चाकाचं ऑइल डब्यात सोडायचं आणि तूट गोळ्यातून भरून काढायची. महाग, जड, आणि दुरुस्तीला धोक्याची. गोळ्यातला दाब उतरवल्याशिवाय नळी सोडवली तर ऑइल पिचकारीसारखं अंगावर येतं. परतीच्या पंपाचीच पद्धत टिकली. आताच्या काही विजेवरच्या गाड्यांत पेडल आणि चाक यांचा थेट ऑइलचा संबंधच तोडतात, तिथे पायाला थरथर लागत नाही. पण आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य गाड्या अजून पंपाच्याच आहेत.

व्हॉल्व्हच्या ‘विजेशिवाय उघडा’ आणि ‘विजेशिवाय बंद’ या दोन शब्दप्रयोगांकडे पुन्हा पाहावं अशी माझी विनंती आहे. फ्यूज उडाला, सेन्सरची तार तुटली, नियंत्रकाला स्वतःवरच शंका आली, तर तो व्हॉल्व्हांची वीज काढून घेतो आणि दिवा लावतो. स्प्रिंगा व्हॉल्व्हांना आपापल्या मूळ जागी नेतात. आतला उघडा, बाहेरचा बंद, म्हणजे मास्टर सिलिंडर थेट चाकाशी जोडलेला. जुना, साधा, पूर्ण ताकदीचा ब्रेक. बिघाडाच्या वेळी काय व्हावं हे ज्यांनी आधी ठरवलं आणि मग यंत्र घडवलं, त्या अभियंत्यांबद्दल मला अपार आदर आहे. एक सावधगिरी मात्र हवी. नव्या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमधल्या दाबाची वाटणीही हेच व्हॉल्व्ह करतात. एबीएसचा आणि ब्रेकचा असे दोन्ही दिवे एकदम लागले असतील तर ती वाटणीही गेलेली असू शकते आणि मागची चाकं लवकर जाम होऊ शकतात. अशी गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत न्यावी.

एबीएसला काय जमत नाही, हेही इथेच सांगणं मी कर्तव्य समजतो. खडीवर किंवा सुट्या मुरमावर जाम चाक आपल्यापुढे खडीचा बांध रचतं आणि त्या बांधावर अडतं. फिरत राहणारं चाक तो बांध मोडत पुढे जातं, त्यामुळे तिथे थांबायला जास्त अंतर लागू शकतं. पहिल्या पावसात घाटातल्या डांबरावर तेल आणि धुळीचा जो निसरडा लेप तयार होतो, त्यावर एबीएस गाडीला सरळ ठेवेल, वळू देईल, पण नसलेली पकड कुठून आणणार? ताशी ६० च्या गाडीला चांगल्या कोरड्या रस्त्यावर, दर सेकंदाला ८ मीटरच्या आसपास वेग उतरत असेल तर, पूर्ण ब्रेक लागल्यावर थांबायला १८ मीटरच्या आत-बाहेर अंतर लागतं. हा दर ५ मीटरवर आला की तेच अंतर २८ मीटरांच्या घरात जातं. वेग दुप्पट केला की दोन्ही चौपट. घासलेल्या टायरांची गाडी एबीएसच्या भरवशावर आंबोली किंवा ताम्हिणी उतरवणाऱ्याला हा हिशोब कुणीतरी समोर बसवून समजावला पाहिजे.

घाटाचा दुसरा संबंध ऑइलशी आहे. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि ते हवेतली वाफ शोषून घेतं. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. न्यूट्रलमध्ये, सतत ब्रेकवर पाय ठेवून लांब उतार उतरला की कॅलिपर तापतो आणि मुरलेल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते; तोंड बोटानं बंद केलेला सायकलचा पंप जसा दबतो, तसं पेडल मऊ होऊन तळाला जातं. दाबच तयार झाला नाही तर सोडायचं काय? आठही व्हॉल्व्ह तिथे निरुपयोगी ठरतात. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, हा सल्ला गिऱ्हाइकाला खर्चिक वाटतो. या परिच्छेदातले आकडे त्याला दाखवावेत.

जुनं ऑइल युनिटलाही आतून मारतं. पाण्यामुळे गंज धरतो, गाळ साचतो, आणि बाहेरच्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर एक कण अडकला तरी तो पुरता मिटत नाही. मग साध्या ब्रेकिंगलाही ऑइल कोठीत झिरपतं आणि पेडल बसतं. मेकॅनिक मास्टर सिलिंडर बदलतो, दोष तसाच राहतो. मास्टर सिलिंडरची तोंडं प्लगनं बंद करून पेडल दाबून पाहावं. ते घट्ट राहिलं तर दोष पुढे आहे, एवढी तपासणी पुष्कळ पैसे वाचवते. पॅड बदलताना पिस्टन मागे रेटण्याआधी ब्लीडर निपल उघडावा, म्हणजे कॅलिपरच्या तळचं काळं ऑइल वर युनिटमध्ये न जाता बाहेर पडेल. आणि डब्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही पडता कामा नये. ब्रेकची रबरी सीलं खनिज तेलानं फुगतात, आणि मग एकेक भाग बदलत बसावं लागतं.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना एबीएस सक्तीचा झाला. १२५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलींनाही तो त्याच सुमारास आला. म्हणजे एकेकाळी महागड्या गाडीपुरतं असलेलं हे युनिट आता तालुक्याच्या गावातल्या गॅरेजच्या फळीवर येतं. ते उघडणारे हात कुशल आहेत. त्यांना त्याचा नकाशा मराठीत मिळालेला नाही. पुस्तक प्रथम त्यांच्यासाठी आणि आयटीआयच्या मुलांसाठी लिहिलं आहे. गाडीमालकानं निदान पहिली दोन प्रकरणं वाचावीत. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांना एक खास विनंती आहे. ब्रेक पंप करत मारावा ही जुन्या ट्रकचालकांची शिकवण त्यांच्या गाड्यांसाठी बरोबर होती. एबीएसच्या गाडीत पाय उचलला की चक्र तुटतं. शिकणाऱ्याला मोकळ्या, ओल्या मैदानात नेऊन, कमी वेगात, एकदा तरी पूर्ण ब्रेक दाबायला लावावा आणि पेडल थरथरत असताना स्टिअरिंग वळवायला सांगावं.

आकृत्या पाहताना लाल रेघ दाबाखालच्या ऑइलची आहे आणि निळी परतीच्या वाटेची. युनिटच्या आतली हवा काढण्याची रीत सातव्या प्रकरणात दिली आहे, पण ती वाचण्याआधी निळी रेघ बोटानं एकदा शेवटपर्यंत गिरवावी. बाहेरचे व्हॉल्व्ह विजेशिवाय बंद असल्यानं त्या वाटेत अडकलेली हवा नेहमीच्या पद्धतीनं, पेडल मारून आणि निपल सोडून, निघत नाही. स्कॅनर जोडून व्हॉल्व्ह उघडावे लागतात, पंप चालवावा लागतो, आणि त्यानंतर चारही चाकांची हवा पुन्हा एकदा काढावी लागते.